जोडणीचा एरर टूल दाखवते, पण तो येतो कोठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातील मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर ५.७ वरून ८.० वर नेण्यात आला. त्यानंतर काही दिवस डीबीव्हर या डेटाबेस टूलमधून जोडणी सुरळीत होत होती, आज सकाळपासून मात्र ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ असा संदेश येऊ लागला. शेजारच्या सहकाऱ्याला त्याच्या खात्याने त्याच सर्व्हरवर विनासायास प्रवेश मिळतो. तुम्ही ड्रायव्हर (टूलला डेटाबेसशी बोलता करणारा सॉफ्टवेअरचा भाग) काढून पुन्हा उतरवला, टूल काढून पुन्हा बसवले, तरी फरक पडला नाही. त्यातच इंटेलिजे आयडिया या संपादकातून चालवलेला स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा प्रकल्प त्याच सर्व्हरबाबत ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ म्हणतो. तेव्हा ड्रायव्हरच खराब आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

ड्रायव्हर खराब असण्याची शक्यता फारच कमी आहे, आणि तसे मी का म्हणतो हे समजले तर पुढचा अर्धा शोध वाचतो. जावामधील डेटाबेस जोडणी काही ठरावीक टप्प्यांतून जाते: ड्रायव्हरची जार फाइल (जावा कोडची पुडी) सापडून तिच्यातील क्लास लोड होतो, दिलेला यूआरएल (जोडणीचा पत्ता) आपला आहे हे ड्रायव्हर ओळखतो, सर्व्हरच्या नावावरून आयपी पत्ता मिळतो, त्या पत्त्यावरच्या पोर्टशी टीसीपी (नेटवर्कवरची) जोडणी होते, एनक्रिप्शन वापरायचे की नाही हे ठरते, मग खात्याची ओळख पटवली जाते आणि सर्वांत शेवटी डेटाबेसचे नाव व परवानग्या तपासल्या जातात. तुमचा पहिला संदेश ओळख पटवण्याच्या टप्प्यावरचा आहे, म्हणजे त्याआधीचे सगळे टप्पे पार पडले आहेत. दुसरा संदेश बहुधा टीसीपीच्या टप्प्यावरचा आहे, म्हणजे तो प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. एकाच सकाळी दिसले म्हणून हे दोन एरर एकाच कारणाचे आहेत असे धरून चालू नका. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळेच सोडवावे लागतील.

टूल पुन्हा बसवल्याने काही बदलले नाही यातही नवल नाही. जोडण्यांच्या सेटिंग्ज डीबीव्हर स्वतःच्या इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये न ठेवता वापरकर्त्याच्या वर्कस्पेसमध्ये ठेवते, त्यामुळे टूल नवे बसवले तरी जुनी सेटिंग जशीच्या तशी परत येते.

आता पहिल्या एररकडे वळतो. एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० प्रसिद्ध झाले तेव्हा ओळख पटवण्याची मूळ पद्धत बदलून ‘कॅशिंग शा-२ पासवर्ड’ ही करण्यात आली. त्याआधी ‘मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड’ ही पद्धत होती. सर्व्हर जागच्या जागी अपग्रेड केला तर जुनी खाती जुन्याच पद्धतीवर राहतात. नवी पद्धत लागू होते ती अपग्रेडनंतर तयार केलेल्या खात्यांना. तुमच्या खात्याला ती लागू झाली आहे, याचा अर्थ ते नव्याने तयार केले गेले असावे किंवा कोणीतरी त्याची पद्धत बदलली असावी. सहकाऱ्याचे खाते जुन्या पद्धतीवर असेल तर त्याला हा एरर कधी दिसणारच नाही. सर्व्हरच्या ‘मायएसक्यूएल’ या अंतर्गत डेटाबेसमधील ‘यूजर’ तक्त्यात ‘प्लगइन’ नावाचा स्तंभ असतो, तेथे दोन्ही खात्यांपुढे काय लिहिले आहे हे डेटाबेस सांभाळणाऱ्या व्यक्तीला पाहायला सांगा.

या पद्धतीच्या नावातच ‘कॅशिंग’ आहे, आणि ‘काल चालत होते, आज चालत नाही’ याचे मूळ बहुतेक वेळा तेथेच सापडते. एखादे खाते पहिल्यांदा प्रवेश मागते तेव्हा सर्व्हरला पूर्ण तपासणी करावी लागते, आणि त्यासाठी पासवर्ड सर्व्हरपर्यंत सुरक्षितपणे पोहोचावा लागतो. जोडणी एनक्रिप्टेड असेल तर तो त्या वाटेने जातो. तशी नसेल तर ड्रायव्हरला सर्व्हरची आरएसए पब्लिक की लागते, म्हणजे तिने पासवर्ड गुंडाळून पाठवता येतो. ही की आधीपासून फाइलच्या रूपाने दिलेली नसेल तर ती सर्व्हरकडेच मागावी लागते, आणि असे मागण्याची परवानगी कनेक्टर-जे या मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरमध्ये मुळात बंद असते. कारण उघड आहे: वाटेत कोणी सर्व्हरचे सोंग घेऊन बसला असेल तर तो स्वतःची की पुढे करील आणि पासवर्ड वाचून घेईल. म्हणून ड्रायव्हर तेथेच थांबतो आणि तुम्हाला तो संदेश दिसतो. पूर्ण तपासणी एकदा यशस्वी झाली की मात्र सर्व्हर त्या खात्याच्या पासवर्डचा हॅश (त्यापासून काढलेला, उलट न फिरणारा ठसा) मेमरीत ठेवतो, आणि पुढच्या वेळी नुसत्या हॅशच्या देवाणघेवाणीवर काम भागते. मग की लागत नाही आणि एनक्रिप्शनही लागत नाही.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ ही आज्ञा दिली गेली किंवा पासवर्ड बदलला की मेमरीतली ही नोंद जाते. मागचे काही दिवस तुमचे खाते या नोंदीच्या आधाराने चालत होते आणि रात्री सर्व्हर पुन्हा सुरू झाला, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच असल्यामुळे आधी पडताळून पाहा. डीबीव्हरमध्ये काहीही न बदलता, त्याच संगणकावरून, मायएसक्यूएलच्या कमांड लाइन क्लायंटने तुमच्याच खात्याने एकदा प्रवेश करा. हा क्लायंट शक्य असेल तेथे आपण होऊन एनक्रिप्शन वापरतो, त्यामुळे पूर्ण तपासणी होऊन नोंद पुन्हा तयार होईल. लगेच डीबीव्हरमधून जोडणी करून पाहा. ती झाली, तर निदान पक्के झाले. हा मात्र इलाज समजू नये, कारण सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा तोच एरर पुन्हा उभा राहील.

इलाज कोणता, हे सर्व्हर कोठे आहे यावर अवलंबून आहे. सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर असता तर ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये ‘अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल’ हे ‘ट्रू’ करा आणि कामाला लागा, असे मी म्हटले असते, कारण तेथे वाटेत बसायला कोणी नाही. तुमचा सर्व्हर कार्यालयाच्या नेटवर्कवर आहे, त्यामुळे मी एनक्रिप्शन सुरू करण्याच्या बाजूचा आहे. जोडणीच्या सेटिंग्जमध्ये एसएसएल (जोडणी एनक्रिप्ट करण्याची व्यवस्था) बंद ठेवलेले आहे का, किंवा ‘यूज एसएसएल’ हे ‘फॉल्स’ केलेले आहे का, हे पाहा. हा ‘फॉल्स’ जुन्या काळापासून चालत आलेला असतो. कनेक्टर-जेच्या ५.१ मालिकेत एसएसएलबद्दल एक इशारा लॉगमध्ये सारखा येई, तो बंद करण्यासाठी लोकांनी हे सेटिंग घातले आणि पुढे ते एका प्रकल्पातून दुसऱ्यात नकलत राहिले. ते काढून ‘एसएसएल मोड’ निदान ‘रिक्वायर्ड’ करा. मायएसक्यूएल ८.० सुरू होताना स्वतःची सर्टिफिकेटे स्वतःच तयार करतो, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूला सहसा काही करावे लागत नाही. मात्र ‘रिक्वायर्ड’मध्ये जोडणी एनक्रिप्टेड होते तरी समोरचा सर्व्हर खराच आहे याची खात्री ड्रायव्हर करत नाही. ती हवी असेल तर सर्व्हरची सीए फाइल (सर्टिफिकेट देणाऱ्याची ओळख) मिळवून ‘व्हेरिफाय सीए’ वापरावे लागते, आणि ज्या सर्व्हरवर ग्राहकांची माहिती आहे तेथे मी तेच वापरतो.

खाते जुन्या ‘नेटिव्ह’ पद्धतीवर परत न्या, असाही सल्ला तुम्हाला कोठेतरी मिळेल. तो घेऊ नका. ती पद्धत ८.४ मध्ये मुळात बंद ठेवलेली आहे आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे, त्यामुळे पुढच्या अपग्रेडला हाच प्रश्न अधिक अवघड रूपात समोर येईल.

दुसऱ्या एररबद्दल तुम्ही दिलेली माहिती अपुरी आहे, त्यामुळे येथे मला शक्यता सांगाव्या लागतील. ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ हे केवळ वरचे आवरण आहे. या संदेशाच्या पुढच्या ओळीत शेवटचे पॅकेट किती मिलिसेकंदांपूर्वी गेले याचा आकडा असतो, आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. आकडा शून्य असून सर्व्हरकडून एकही पॅकेट आले नाही असे लिहिले असेल, तर जोडणी मुळात झालीच नव्हती. आकडा मोठा असेल, तर जोडणी झाली होती आणि ती मध्येच तुटली. ही दुसरी परिस्थिती बहुधा रात्रभर निष्क्रिय राहिलेल्या जोडणीची असते. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणी मुळात २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, बंद करतो, आणि वाटेतील फायरवॉल तर पुष्कळदा त्याहून फार लवकर. स्प्रिंग बूटमधील हिकारी हा कनेक्शन पूल (तयार जोडण्यांचा साठा) प्रत्येक जोडणी मुळात ३० मिनिटांनी बदलतो, म्हणून आठ तासांच्या मर्यादेचा त्रास त्याला सहसा होत नाही. फायरवॉलची मर्यादा ३० मिनिटांहून कमी असेल तर मात्र होतो, आणि अशा वेळी पूलमधील जोडणीचे कमाल आयुष्य त्या मर्यादेच्या खाली आणावे लागते.

आकडा शून्य असेल तर स्टॅक ट्रेसच्या (एररबरोबर छापल्या जाणाऱ्या ओळींच्या यादीच्या) तळाशी जा आणि शेवटचे ‘कॉज्ड बाय’ वाचा. माझ्या कामात मी नेहमी तेथूनच सुरुवात करतो, कारण वरच्या ओळी स्प्रिंग, हिकारी आणि ड्रायव्हर यांनी एकावर एक चढवलेल्या असतात. तेथे ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ असेल तर त्या पत्त्याचे यंत्र जागे आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ असेल तर पाठवलेले पॅकेट वाटेत कोणीतरी गिळले, आणि तो कोणीतरी बहुधा फायरवॉल किंवा बंद पडलेले व्हीपीएन असते. ‘अननोन होस्ट’ असेल तर नावावरून पत्ताच मिळालेला नाही.

तुमच्या बाबतीत मला ‘रिफ्युज्ड’ असण्याची दाट शंका आहे, कारण डीबीव्हर त्याच सर्व्हरपर्यंत पोहोचते. म्हणजे सर्व्हर चालू आहे आणि तुमच्या संगणकापासूनची वाटही मोकळी आहे. मग प्रोग्राम वेगळ्याच पत्त्यावर जात असला पाहिजे. प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमध्ये ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे प्रोग्राम चालतो तोच संगणक) राहिले आहे का, हे आधी पाहा. प्रकल्प डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या खोक्यात) चालत असेल तर कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. तुमच्या लॅपटॉपशी किंवा शेजारच्या कंटेनरमधील डेटाबेसशी त्या नावाचा संबंध राहत नाही. डॉकर कंपोजने दोन्ही कंटेनर चालवत असाल तर डेटाबेसच्या सेवेला जे नाव दिले आहे तेच यूआरएलमध्ये होस्ट म्हणून लिहावे लागते, आणि पोर्टही कंटेनरच्या आतले, म्हणजे बहुधा ३३०६ हेच. बाहेरून जोडून दिलेले पोर्ट तेथे चालत नाही. याशिवाय इंटेलिजेच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये एखादे जुने एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल पडून असेल तर ते सेटिंग फाइलमधील यूआरएलवर मात करते आणि तुम्ही फाइल कितीही सुधारली तरी प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर जात राहतो.

येथे लिनक्सवरील एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. टर्मिनलमध्ये मायएसक्यूएलच्या क्लायंटला होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिले तर तो टीसीपीने न जाता युनिक्स सॉकेटच्या फाइलमधून आत जातो. जावाचा ड्रायव्हर मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये टीसीपीनेच जातो. त्यामुळे ‘टर्मिनलमध्ये चालते, म्हणजे सर्व्हर ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. तपासणी करताना होस्टच्या जागी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे क्लायंटही टीसीपीनेच जाईल आणि तुलना खरी होईल. विंडोजवर पोर्टपर्यंत पोहोचता येते का, हे पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने काही सेकंदांत कळते.

हे सगळे तपासताना लक्षात ठेवा, की डीबीव्हर आणि तुमचा प्रकल्प हे एकाच संगणकावर असले तरी एकच ड्रायव्हर वापरत नाहीत. डीबीव्हर स्वतःचा जावा रनटाइम बरोबर आणते आणि ड्रायव्हर मेव्हन या जावा बांधणीसाधनाच्या भांडारातून स्वतःसाठी उतरवून घेते. इंटेलिजेमधील डेटाबेसची खिडकीही आपला ड्रायव्हर वेगळा ठेवते. प्रकल्प मात्र मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये किंवा ग्रेडल या दुसऱ्या बांधणीसाधनात नोंदवलेला ड्रायव्हर, प्रकल्पाला नेमून दिलेल्या जेडीकेवर (जावाच्या संचावर) चालवतो. म्हणून ‘टूलमध्ये जोडणी होते’ यातून इतकेच सिद्ध होते, की तुमच्या संगणकावरून त्या खात्याला, त्या ड्रायव्हरने, त्या सेटिंगसह प्रवेश मिळतो. एकीकडे ८.० मालिकेतील नवा ड्रायव्हर आणि दुसरीकडे कधीकाळी पॉममध्ये लिहिलेला ५.१ मधील जुना ड्रायव्हर असेल, तर दोघांच्या वागण्यात फरक पडणारच. जुन्या ५.१ आवृत्त्यांना नवी ओळखपद्धत माहीतच नसते आणि त्या ऑथेंटिकेशन प्लगइन लोड करता येत नाही असे सांगतात. ड्रायव्हर अद्ययावत करताना मेव्हनमधील नावही बदलावे लागेल: ८.०.३१ पासून आर्टिफॅक्टचे नाव ‘मायएसक्यूएल-कनेक्टर-जे’ झाले आहे. जुन्याच नावाने शोधत राहिलात तर नव्या आवृत्त्या तुम्हाला दिसणार नाहीत.

जावा रनटाइमचा फरकही तितकाच त्रास देतो. एप्रिल २०२१ मधील ओपनजेडीकेच्या अद्यतनांपासून टीएलएस (एसएसएलचा नवा अवतार) १.० आणि १.१ मुळात बंद केले गेले. कार्यालयात एखादा जुना ५.७ सर्व्हर अजून चालू असेल आणि टूल अद्ययावत केल्यावर त्याच्याशी जोडताना ‘नो अप्रोप्रिएट प्रोटोकॉल’ असा संदेश येऊ लागला, तर बदल सर्व्हरमध्ये झालेला नसतो. टूलबरोबर आलेल्या नव्या रनटाइमने जुने टीएलएस नाकारलेले असते. त्या वेळी जावाच्या सुरक्षा फाइलमधील बंदी उठवण्याचा मोह होतो. सर्व्हर अद्ययावत करणे हाच तेथे खरा मार्ग आहे, आणि ते होईपर्यंत एसएसएच टनेलमधून (एनक्रिप्टेड आडवाटेने) जाणे मला अधिक योग्य वाटते.

ड्रायव्हरवर संशय घेण्यासारखे संदेश वेगळेच असतात. ‘क्लास नॉट फाउंड’ आला तर जार फाइल क्लासपाथवर (जावा क्लास शोधते त्या जागांच्या यादीत) नाही. कार्यालयाच्या प्रॉक्सीमुळे डीबीव्हरला ड्रायव्हर उतरवता आला नसेल तर तो ड्रायव्हर मॅनेजरमधून हाताने जोडावा लागतो. ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ हा संदेश मात्र पुष्कळांना चकवतो. जावाचा ड्रायव्हर मॅनेजर हाताशी असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला यूआरएल दाखवतो, आणि एकानेही तो आपला म्हटला नाही की हा संदेश येतो. म्हणून जार जागेवर असतानाही, ‘मायएसक्यूएल’ या शब्दानंतरचा एक अपूर्णविराम राहून गेला तरी तो येऊ शकतो. इंटेलिजेमध्ये चालणारा प्रोग्राम एकाच मोठ्या जारमध्ये बांधल्यावर हाच संदेश देऊ लागला, तर बांधणीकडे पाहा. जेडीबीसी (जावाची डेटाबेस जोडणीची पद्धत) ४.० पासून ड्रायव्हर आपली ओळख जारमधील ‘सर्व्हिसेस’ फोल्डरातल्या एका फाइलने देतात. दोन ड्रायव्हर एकाच जारमध्ये कोंबताना या दोन फाइलींपैकी एक दुसरीवर लिहिली जाते आणि एक ड्रायव्हर अदृश्य होतो. मेव्हनच्या शेड प्लगइनमध्ये या फाइली एकत्र करणारा ट्रान्सफॉर्मर आहे, तो लावावा लागतो. स्प्रिंग बूटची स्वतःची बांधणी जारच्या आत जार ठेवते, त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न येऊ नये.

पहिला एरर सुटल्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आला तर निराश होऊ नका, तुम्ही एक टप्पा पुढे आला आहात. त्या संदेशात खात्याच्या नावापुढे सर्व्हरला दिसलेला तुमचा पत्ताही असतो, तो नीट वाचा. मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे नाव आणि होस्ट यांची जोडी. ‘लोकलहोस्ट’साठी केलेले खाते डॉकरच्या १७२.१७.०.१ या पत्त्यावरून आलेल्या विनंतीला लागू पडत नाही, मग पासवर्ड अचूक असला तरी. उबुंटूवर रूट (सर्वाधिकारी) खाते पुष्कळदा पासवर्डऐवजी ऑपरेटिंग सिस्टीमच्या वापरकर्त्यावरून ओळखले जाते, त्यामुळे ते ड्रायव्हरमधून चालत नाही. दोन्ही ठिकाणी मार्ग एकच आहे: प्रकल्पासाठी वेगळे खाते तयार करून त्याला लागतील तेवढ्याच परवानग्या द्याव्यात. रूटला सर्व पत्त्यांवरून मोकळीक देणे हा उपाय म्हणून जागोजागी सुचवलेला दिसतो, पण कार्यालयाच्या सर्व्हरवर तसे करण्याची परवानगी कोणीही देऊ नये.

तेव्हा आधी कमांड लाइनची पडताळणी करा, मग एनक्रिप्शन सुरू करा, आणि त्यानंतरच स्प्रिंग बूटच्या एररला हात घाला. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. एवढे करूनही अडल्यास शेवटचे ‘कॉज्ड बाय’ पूर्ण, टूलमधील व प्रकल्पातील ड्रायव्हरच्या आवृत्त्या, दोन्हीकडचा जावा रनटाइम, पासवर्ड वगळून यूआरएल आणि प्रकल्प कंटेनरमध्ये चालतो की थेट, इतके कळवा. यूआरएल देताना सर्व्हरचे खरे नाव आणि पत्ताही झाकून टाका.